धामणखेडे शहराचा नकाशा

जगात शहर एकच आहे आणि त्याचं नाव धामणखेडे. मुंबई, दिल्ली, लंडन ही बाकीची ठिकाणं धामणखेड्यापासून कमीअधिक अंतरावर वसलेली आहेत, याहून जास्त त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. असं मनापासून मानणारा माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि बडोद्याला नोकरीसाठी आलो तेव्हा नेमका तोच माझा घरमालक निघाला. त्यांना सगळी सोसायटी काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणतो. धामणखेडे खानदेशात आहे. काळी जमीन, कापूस, मिरची, थोडी केळी, मंगळवारचा बाजार आणि कापसाची एक जुनी जिनिंग. नगरपालिका आहे, त्यामुळे कागदोपत्री ते शहरच. पण शेतं कुठे संपली आणि वस्ती कुठे सुरू झाली हे परक्या माणसाला कळणार नाही, कारण निम्म्या घरांच्या मागच्या दारी अजून गोठे आहेत. काका मात्र चुकूनही त्याला गाव म्हणत नाहीत. ‘शहरात’ म्हणजे धामणखेड्यात. बडोद्याला ते ‘हे गाव’ म्हणतात. “हे गाव तसं चांगलं आहे, पाणी वेळेवर येतं,” असं बडोद्याबद्दल ते कौतुकानं बोलतात. सोसायटीतल्या एका गृहस्थांनी एकदा त्यांना हटकलं, “काका, नावातच खेडे आहे की हो.” काका शांतपणे म्हणाले, “तुमचं आडनाव वाघमारे. मारलाय कधी?”

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो तो दिवस मला चांगला आठवतो. मीही एका तालुक्याच्या गावचा. वडील बाजार समितीत हमाली करत, आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम मिळालं होतं. खोली भाड्यानं देणारे लोक काय विचारतात हे मित्रांनी शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे लग्न, मांसाहार, पाहुणे यांची उत्तरं तयार होती. काकांनी यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी गावाचं नाव विचारलं आणि लगेच म्हणाले, “नदी आहे?”

“आहे.”

“कुठून कुठे वाहते?”

मी विचार करून म्हणालो, “पुलाखालून.”

काकांनी चष्मा काढला. “दहावीला भूगोलात किती होते?” मी अभिमानानं आकडा सांगितला. ते म्हणाले, “एवढे मार्क घेऊन करायचं काय? ब्राझीलच्या नद्या पाठ असतील. आणि ज्या पाण्यात आईनं तुझी दुपटी धुतली ते कुठे जातं ते माहीत नाही.” आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. “द्या ने खोली, पोरगा खोटं तर नाही बोलला!” खोली मिळाली, पण अट घालून. पुढच्या वेळी गावी जाईन तेव्हा नदीची दिशा बघून यायची. तेवढा धीर मला नव्हता. मी बाहेर येऊन वडिलांना फोन लावला आणि विचारलं. वडील आधी हसले, मग त्यांनी नदी कुठल्या डोंगरातून निघते, कुठल्या शेताशी वळते, कुठल्या मोठ्या नदीला मिळते हे इतकं सविस्तर सांगितलं की माझ्या फोनमधले पैसे संपले. मी कॉलेजात गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच काहीतरी विचारलं होतं. ही काकांची माझ्यावरची पहिली मेहरबानी, जिचा त्यांना पत्ताही नाही.

आमची सोसायटी हरणीत, विमानतळापासून जवळ. बाहेरच्या जगाला तिचा जो पत्ता माहीत आहे तो काकांना मान्य नाही. सोसायटीचं लोखंडी फाटक म्हणजे ‘वेस’. वॉचमनची केबिन म्हणजे ‘जकात नाका’. मागच्या बाजूला जिथे स्कूटर लावतात ती मोकळी जागा म्हणजे ‘खळवाडी’, कारण धामणखेड्यात ज्वारीची मळणी व्हायची ती खळी गावाच्या अशाच मागच्या अंगाला होती. पाण्याच्या टाकीपलीकडची दोन घरं म्हणजे ‘वरची पेठ’. सुरुवातीला लोक हसले, मग वैतागले आणि शेवटी तसंच म्हणू लागले. शेजारच्या गुजराती बेन सकाळी गॅलरीतून आवाज देतात, “काकी, दूधवाळा भाई वेस पासे ऊभा छे!” त्यांना ‘वेस’ म्हणजे काय हे बहुधा आजही माहीत नाही. बडोद्यातल्या लांबच्या भागांनाही हाच नियम. फतेगंज म्हणजे काकांच्या मते स्टेशन रोड, कारण धामणखेड्यातही स्टेशन रोडला शिकलेली माणसं राहत आणि संध्याकाळी बाहेर खात. गोत्री म्हणजे नवा प्लॉट, काल शेत होतं आणि आज बंगले. एकदा मी त्यांच्याबरोबर रिक्षात होतो. काका रिक्षावाल्याला सांगत होते, “नव्या प्लॉटकडे घ्या, मग जिनिंगसारखी एक भिंत येईल, तिथून आत.” त्यानं रिक्षाच थांबवली आणि मागे वळून हात जोडले. “काका, सीधेसीधुं बोलो ने, जवानुं क्यां छे?”

हा झाला भूगोल. इतिहासाची पद्धतही साधी आहे. धामणखेड्याच्या जिनिंगला काकांच्या लहानपणी आग लागली होती. कापसाच्या गंजी पेटल्या आणि आजूबाजूच्या गावांना रात्री उजेड दिसला म्हणतात. काकांच्या लेखी काळाचे भाग दोनच, आगीच्या आधीचा आणि आगीच्या नंतरचा. स्वतःचा जन्म ‘आगीच्या आधी थोडा’, रेल्वेतली नोकरी ‘आगीनंतर बऱ्याच दिवसांनी’. देशाचा स्वातंत्र्यदिनही ते याच मापानं मोजतात. सोसायटीच्या झेंडावंदनाला त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांनी “आग लागण्यापूर्वी काही वर्षं आपला देश स्वतंत्र झाला” अशी सुरुवात केली होती. समोरच्या मुलांना वाटलं, मोठी लढाई झाली असणार. मुलं त्यानंतर काकांना आगीचं विचारायला येऊ लागली, आणि काका त्यांना पाणी कुठल्या विहिरीतून आणलं, रांग कुठल्या गल्लीतून लागली, कोण माणूस घाबरून केळीच्या बागेत जाऊन बसला, हे सगळं सांगत. विमान डोक्यावरून गेलं की आमच्याकडे काही क्षण काहीच ऐकू येत नाही. काका मध्येच थांबतात, शब्द अर्धा तोंडात ठेवतात, विमान गेलं की उरलेला अर्धा बोलतात. “धामणखेड्यावरून विमानं जात नाहीत,” मला ते एकदा समजावून सांगत होते. “वरून बघण्यासारखं तिथे काही नाही. सगळं खाली आहे.”

नकाशा काढायला त्यांना कागद लागतोच असं नाही. लग्नाच्या पत्रिकेची मागची बाजू, धूळ बसलेली गाडीची काच, कणकेचं ताट, काहीही चालतं. जेवताना तर हमखास. खिचडीचा ढीग म्हणजे वस्ती, त्यातून चमच्यानं पाडलेली घळ म्हणजे नदी, पापडाचे तुकडे म्हणजे पेठा, लोणच्याची फोड म्हणजे जिनिंग. मग कढी ओतायची. कढी घळीतून वाहू लागली की त्यांचा आवाज बदलतो. “हे बघ, श्रावणात पाणी असं चढायचं. कुंभारवाडा पहिला जायचा.” काकू समोरून म्हणतात, “अहो, जेवा ने आता. शहर निवतंय.”

काकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्यावाचून ही गोष्ट पुरी होत नाही. त्या मूळच्या बडोद्याच्या, वाक्यामागे गुजराती ‘ने’ लावून बोलणाऱ्या. त्यांचे कोणी पूर्वज संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, आणि घरातली एक गंजलेली तलवार दसऱ्याला पूजेसाठी खाली उतरते. त्यामुळे इतिहासाच्या बाबतीत काकूंना कुणाकडून शिकण्याची गरज वाटत नाही. “आमच्याकडे हत्ती होते,” त्या भाजी निवडता निवडता म्हणतात, “ह्यांच्याकडे जिनिंग होती.” धामणखेड्याला त्या लग्नानंतर फारशा गेल्या नाहीत. गेल्या त्या कुणाच्या तरी लग्नाला किंवा दहाव्याला, म्हणजे एका घरात शिरून दुसऱ्या दिवशी बाहेर पडायला. तरी त्यांना धामणखेड्याच्या गल्ल्या तोंडपाठ आहेत. कशा, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं. लग्नानंतरची पहिली वर्षं हे दोघं बडोद्यातच सुरसागर तळ्याजवळ एका खोलीत राहत. खोलीत सासूबाई, एक दीर आणि स्टोव्ह. नवराबायकोला बोलायला जागा नाही. म्हणून काका ड्युटीवरून आले की दोघं तळ्याला चक्कर मारायला निघत. “लोक बायकोला गजरा आणतात,” काकू म्हणाल्या, “ह्यांनी मला तळ्याच्या कठड्याकठड्यानं फिरवत आख्खं गाव सांगितलं. एका चकरीत कुंभारवाडा, दुसऱ्या चकरीत वरची पेठ. मी म्हणायची, बस करा ने, आता बसू या. तर म्हणायचे, शाळा राहिली.”

मग गेल्या वर्षी धामणखेड्याहून फोन आला. काकांच्या शाळेनं नवं सभागृह बांधलं होतं, आणि माजी विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्याच्या मोठ्या भिंतीवर जुन्या धामणखेड्याचा नकाशा रंगवायचा. रस्ता रुंद झाला तेव्हा जुन्या गल्ल्या गेल्या, बायपास झाला, पेठेचं तोंड फिरलं. आजच्या मुलांना जुनं गाव माहीत नाही. म्हातारे एकत्र बसले, पण जो तो आपल्या गल्लीपुरतं सांगे. मग कुणाला तरी आठवलं की बडोद्याला एकजण आहे, त्याला सगळं पाठ असतं. फोन ठेवल्यावर काका उगाच घरभर फिरले, पाणी प्याले, मग मला हाक मारली. “शहरानं बोलावलंय.”

त्या दिवसापासून हॉलमधली सतरंजी उचलली गेली आणि जमिनीवर जोडलेले ड्रॉइंग पेपर आले. चार कोपऱ्यांवर वजन म्हणून खलबत्ता, पिठाचा डबा, काकूंची तांब्याची कळशी आणि इस्त्री. काका गुडघ्यांखाली उशी घेऊन काढत, मी पट्टी धरत असे. प्रत्येक घराच्या जागी मालकाचं नाव आणि खाली बारीक अक्षरात काहीतरी. ‘येथे लिंबू फुकट मिळे.’ ‘हा कुत्रा चावणारा.’ मी हसलो तर म्हणाले, “हा भूगोल आहे. त्या कुत्र्यामुळे आम्ही सगळे लांबून फिरून जायचो. वाट अशी पडते.” मला ते पटलं. स्वयंपाकघरात काकू मला हळू आवाजात म्हणाल्या, “तू जा हं ह्यांच्याबरोबर. आई गेल्या, भावानं घर विकलं, मग हे गेलेच नाहीत. उतरायचं कुठे? आता तिथे ह्यांना ओळखणारं कोण राहिलंय? तो नकाशा भिंतीवर लागला तर ओळखतील.” काकांनी कधी हे बोलून दाखवलं नव्हतं. पण नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी आधी पेन्सिलीनं आणि मग शाईनं आपलं नाव घातलं होतं, आणि त्यापुढे ‘राहणार धामणखेडे’.

सुरतेला गाडी बदलून आम्ही निघालो. नकाशा गुंडाळून प्लॅस्टिकच्या पाइपात घातला होता, आणि काका तो पाइप वरच्या बाकावर ठेवायला तयार नव्हते. काकूंनी थेपले, बटाट्याची सुकी भाजी आणि छुंदा दिला होता. समोरच्या प्रवाशानं पाइप बघून विचारलं, “नळाचं काम करता का?” काका म्हणाले, “शहराचं करतो.” जसजसा खानदेश जवळ येऊ लागला तसतसे ते गप्प होत गेले. काळी रानं दिसली, कपाशीची झाडं दिसली, तेव्हा फक्त एकदा म्हणाले, “बघ.”

शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिका बाई होत्या, रंगाचे डबे घेऊन आलेला पेंटर होता आणि काकांबरोबर शिकलेली चारपाच म्हातारी माणसं. त्यांतले मिरचीचे एक व्यापारी काकांचे एका बाकावरचे मित्र. त्यांनी काकांना असं कवटाळलं की पाइप दोघांच्या मध्ये अडकला. भिंत पांढरी करून ठेवली होती. पेंटरला त्याच दुपारी सुरुवात करायची होती. टेबलं जोडून नकाशा उघडला. सगळे वाकले. “अरे, हा आमचा वाडा!” “कुत्रा! त्या कुत्र्याला पण घातलंय!” एकजण लिंबाच्या झाडावर बोट ठेवून रडायलाच लागले. बाई मोबाइलवर फोटो काढत होत्या. काका मागे हात बांधून उभे होते. त्यांचा चेहरा मी इतका तरुण कधी पाहिला नव्हता.

मिरचीवाल्या मित्रानं चष्मा पुसून पुन्हा घातला आणि नकाशाच्या मध्यावर बोट टेकवलं. तो अहिराणीत बोलला. “गावना मझार तळं कव्हय व्हतं रे भो?”

गावाच्या मध्ये तळं कधी होतं, असं तो विचारत होता. सगळे वाकून बघू लागले. नकाशाच्या मधोमध छान निळं, जवळजवळ चौकोनी तळं होतं. भोवती रस्ता, रस्त्याच्या कडेनं दगडी कठडा, एका बाजूला पायऱ्या.

“होतं म्हणजे?” काका म्हणाले. “तळ्याला वळसा घालून तर आपण शाळेत यायचो.”

“वळसा? तळं गावाच्या बाहेर. खळवाडीच्या पल्याड. बैल धुवायचं तळं ते.” मित्र आता काकांसाठी मराठीत आला होता. “आणि हा कठडा कुठून आणला? बैलांना टेकून बसायला?”

कुणीतरी हसलं. काकांनी हसणाऱ्याकडे बघितलं आणि मग पुन्हा नकाशाकडे. “तुला आठवत नाही,” ते मित्राला म्हणाले, पण आवाज नेहमीचा नव्हता.

“मला आठवत नाही? अरे, त्या तळ्यात तू बुडत होतास. मीच तुला शेंडीला धरून बाहेर काढला. गावाच्या मध्ये बुडाला असतास तर लोकांनी काढला नसता का? तिथे काळं कुत्रंसुद्धा नव्हतं, म्हणून तर मला उडी मारावी लागली!”

आता कुणी हसलं नाही. त्या पाण्यात काकांच्या नाकातोंडात गेलेला चिखल बहुधा त्या क्षणी त्यांना आठवला असावा, कारण त्यांनी नाकाला हात लावला. मलाही तेव्हाच उमगलं की हे तळं मी पाहिलेलं आहे. त्याचा कठडा, त्याच्या पायऱ्या, भोवतीचा रस्ता. रविवारी त्याच्या काठी उभं राहून मी सेवउसळ खाल्ली आहे. मला वाटतं काकांनाही ते त्याच वेळी कळलं होतं.

ते म्हणाले, “चल, दाखव.” आम्ही तिघं बाहेर पडलो. ज्या माणसानं बडोद्यातल्या रिक्षावाल्यांना धामणखेड्याच्या खुणा सांगून रडकुंडीला आणलं, तो धामणखेड्याच्या चौकात उभा राहून इकडेतिकडे बघत होता. पेठेतली दुकानं मोबाइलची झाली होती. जिनिंगच्या जागी लग्नाचा हॉल होता. “हे आपल्या फतेगंजसारखं झालंय,” काका मला म्हणाले, आणि पुढे, “तो रस्ता गोत्रीकडे जातो तसा दिसतोय.” आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मित्रानं मात्र ऐकलं. तो काकांचा हात धरून चालू लागला. खळवाडीपलीकडे धान्याचं गोदाम होतं. त्याच्या मागे थोडा खोलगट भाग, पाणकणसं आणि बेशरमाची झुडपं. “हे,” मित्र म्हणाला. काका तिथे उभे राहिले. मग त्यांनी पायातली चप्पल काढली, दोन पावलं खाली उतरले, आणि वर न बघता म्हणाले, “इथे निसरडं होतं.” “होय,” मित्र म्हणाला. “इथेच.”

परत आल्यावर सगळ्यांनी त्यांना समजावलं. बाई म्हणाल्या, “राहू द्या ना सर, तळं छान दिसतंय. मुलांना आवडेल.” पेंटर म्हणाला की निळा रंग त्यानं आणलेलाच आहे. मित्रसुद्धा म्हणाला, “राहू दे रे. मध्ये दुसरं काय होतं ते तरी कुणाला आठवतंय?” आणि खरंच, आठवत नव्हतं. एक म्हणाले, मध्ये तेलाची घाणी होती. दुसरे म्हणाले, छे, मोकळी जागा, तिथे बाजाराच्या गाड्या सुटायच्या. तिसऱ्यांना तिथे एक पार आठवत होता, पण झाड कसलं ते आठवेना. रोज तिथूनच जायचं म्हणून कुणी कधी तिकडे नीट बघितलंच नव्हतं. काकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग पेंटरकडून पांढरा रंग मागितला आणि स्वतःच्या हातानं तळं पुसलं. कठडा पुसला, पायऱ्या पुसल्या. रंग वाळेपर्यंत थांबले. खळवाडीच्या पलीकडे वेडंवाकडं एक डबकं काढलं आणि खाली लिहिलं, ‘येथे निसरडे.’ मधली जागा पांढरीच ठेवली. बाईंनी विचारलं, “इथे काय लिहू?” काका म्हणाले, “काही नको. आठवेल त्यानं सांगावं.” शेवटी कोपऱ्यातल्या आपल्या नावाशी आले. ‘राहणार धामणखेडे’मधलं ‘धामणखेडे’ त्यांनी पुसलं आणि तिथे ‘बडोदे’ लिहिलं.

परतीच्या गाडीत त्यांनी रिकामा पाइप वरच्या बाकावर टाकला. बडोद्याला उतरल्यावर रिक्षावाल्यानं विचारलं, “क्यां जवुं छे?” आणि काका म्हणाले, “हरणी. एरपोर्टथी पहेला.” इतका सरळ पत्ता त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

काकूंना मीच सगळं सांगितलं. काका हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते, चपलाही काढल्या नव्हत्या. सांगताना मी जरा घाबरत होतो. काकू ऐकत होत्या, हातात चहाची गाळणी तशीच. “म्हणजे सुरसागर?” त्या म्हणाल्या. “आमचं तळं? धामणखेड्यात?” मग त्या हॉलमध्ये गेल्या. मला वाटलं, आता हत्तींचं काहीतरी काढणार. त्या काकांच्या समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मला तर कायम ते मध्येच वाटायचं हो. तुम्ही कुठलीही गल्ली सांगितलीत की डाव्या हाताला पाणी असायचंच ने.” “पुसलं मी ते,” काका म्हणाले. “तिथलं पुसलंत ते बराबर केलंत,” काकू म्हणाल्या. “इथलं कशाला पुसायचं?”

नकाशाची कच्ची प्रत काकांनी घरी जपून ठेवलेली होती. तळ्यासकट. त्यावर एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग आहे. काकूंनी ती चौकट करून हॉलमध्ये लावून घेतली, गंजलेल्या तलवारीच्या खाली.

मी आता गोत्रीला राहतो, स्वतःच्या घरात. वडील अधूनमधून येतात आणि काकांकडे गेल्याशिवाय परत जात नाहीत. दोघं मिळून आमच्या नदीबद्दल बोलतात. परवा आम्ही गेलो तेव्हा काकांकडे नवा भाडेकरू आला होता, कसल्याशा कंपनीत लागलेला. त्यानं भिंतीवरचा नकाशा बघून विचारलं, हे कुठलं शहर? मी काकांकडे बघितलं. ते सुपारी कातरत होते. काकू पदराला हात पुसत पुढे आल्या आणि उलथन्याच्या टोकानं दाखवू लागल्या. ही वरची पेठ. हा कुंभारवाडा, पाणी आलं की पहिला हा जायचा. ही शाळा. इतक्यात डोक्यावरून विमान गेलं. काकू अर्ध्या शब्दावर थांबल्या, उलथनं नकाशाच्या मध्यावर तसंच टेकवलेलं. विमान गेलं.

“...आणि गाव ह्यांचं आहे,” त्या म्हणाल्या. “तळं माझं.”

काकांनी सुपारी तोंडात टाकली आणि मान हलवली.